कासवापुढे वीस मिनिटं उभं कसं राहायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रविवारी दोन्ही मुलांना घेऊन तुम्ही कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलात. वाघापाशी अर्धा तास रमलात आणि कासवांपाशी दोन मिनिटांत कंटाळलात. सहा वर्षांच्या धाकट्याने विचारलं, "आई, ही खोटी आहेत का?" मोठीला शाळेसाठी प्रकल्प करायचा आहे, तिला कासवाचं वय कसं मोजतात ते हवं आहे. पाठीवरचे टोकदार उंचवटे बघून ती आजारी तर नाहीत ना, अशी तुम्हाला शंका आली. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंत की दिरांच्या घरी काचेच्या पेटीत असंच एक कासव आहे, त्याचं काय करावं?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त टोचला. पण तिथे पोचायला आधीची वाट चालावी लागेल, म्हणून क्रमाने घेतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागात मी बावीस वर्षं काम केलं. सकाळी गणती, मग पाण्याच्या थाळ्या धुणं, चारा घालणं, आठवड्याला वजनं, आणि उरलेला वेळ पिंजऱ्याबाहेर उभं राहून निरीक्षण. कासव बघायला शिकायला मला पहिली दोन वर्षं लागली. कोणी शिकवलं असतं तर दोन आठवड्यांत जमलं असतं, आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहितो आहे.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून, काळपट पाठ आणि तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या, ती तारा कासवं होती. बाजारात त्यांना स्टार कासव म्हणतात. मराठीत आपण जमिनीवरच्या, तळ्यातल्या आणि समुद्रातल्या अशा सगळ्यांनाच कासव म्हणतो, त्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. पायांकडे बघायला सांगा, लगेच सुटतं. समुद्री कासवाचे पाय वल्ह्यांसारखे. वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक जातात, ती ही. तळ्यातल्या आणि नदीतल्या कासवांच्या बोटांमध्ये पडदा असतो. जमिनीवरच्या कासवाचा पाय मात्र हत्तीसारखा, खांबासारखा सरळ आणि खाली बोथट नखं. तारा कासव पूर्णपणे जमिनीवरचं. त्याला खोल पाण्यात टाकलं तर ते बुडून मरतं. "कासव आहे ना, मग पाणी हवंच" असं म्हणून लोक त्याला बादलीत ठेवतात आणि सकाळी ते मेलेलं सापडतं. अशी कासवं माझ्याकडे आलेली आहेत.

आता वेळेबद्दल. तुम्ही गेलात एप्रिलच्या रविवारी, दुपारी दीडला. त्या वेळी तारा कासव हलणारच नाही. त्याचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही, ऊन आणि सावली यांची अदलाबदल करूनच ते आपलं तापमान सांभाळतं. कडक उन्हाळ्यात ते पहाटे आणि संध्याकाळी फिरतं आणि मधला सगळा वेळ झुडपाखाली नाहीतर गवताच्या बुंध्याशी दडून बसतं. थंडीत उलटं. सकाळी अंग गारठलेलं असतं, तेव्हा ते उन्हाकडे पाठ करून, पाय आणि मान सैल सोडून बसून राहतं आणि दहा-अकरानंतर चालू लागतं. उन्हाळ्यात दार उघडल्या उघडल्या जा, हिवाळ्यात साडेअकराच्या सुमाराला. आणि खरी कासवं बघायची असतील तर पावसाळ्यात जा. जून ते सप्टेंबरमध्ये ढगाळ हवा असली की ती दिवसभर चालतात, खातात, नर माद्यांच्या मागे लागतात. पाऊस सुरू झाल्यावर सगळे प्रेक्षक छपराखाली पळतात, आणि नेमकी त्याच वेळी कासवं बाहेर पडतात. छत्री घेऊन तिथे उभं राहा. (बुधवारी कात्रजचं संग्रहालय बंद असतं, भायखळ्याची राणीची बागही. हे माहीत नसल्याने दारावरून परतणारी कुटुंबं मी खूप पाहिली.)

पोचल्यावर सगळ्या कासवांकडे बघू नका. एकच निवडा. पाठीवरच्या खुणेने ते ओळखून ठेवा, कुणाच्या कडेचा टवका गेलेला असतो, कुणाच्या रेघा तुटलेल्या असतात. मग पहिली पाच मिनिटं फक्त त्याचा श्वास बघा.

धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. आपण श्वास घेतला की छाती फुगते, कारण आपल्या फासळ्या हलतात. कासवाच्या फासळ्या आणि पाठीचा कणा कवचाच्याच हाडात एक झालेले असतात. त्याची छाती फुगू शकत नाही. इतकंच काय, आपल्या खांद्याचं हाड फासळ्यांच्या बाहेर असतं, कासवाचं फासळ्यांच्या आत. मग ते श्वास कसं घेतं? पायांच्या मुळाशी आणि पोटाकडे असलेल्या स्नायूंनी आतली जागा कमी-जास्त करून. म्हणून गुडघ्यांवर बसा आणि पुढचा पाय कवचात जिथे शिरतो तिथली सैल, सुरकुतलेली कातडी बघा. ती हळूच आत ओढली जाते, थांबते, मग बाहेर येते. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग पुन्हा एकदा. तुमच्या मुलाला ती एक हालचाल दिसू द्या. मी शेकडो मुलांना ती दाखवली आहे, आणि "दिसली!" म्हणून ओरडलेलं मूल नंतर पाच मिनिटं तिथून हललेलं नाही.

गळ्याची कातडी मात्र वेगळ्या तालात, भराभर लपलपते. पालक सांगतात, "बघ, श्वास घेतोय." तो श्वास नसतो. तो वास घेणं असतं. गळ्याच्या त्या हालचालीने कासव हवा नाकातून आत-बाहेर करून हुंगतं. समोर खाणं ठेवलं की गळा जास्त हलतो, हे कोणालाही बघता येतं.

खाणं बघायला मिळालं तर तो दिवस चांगला. आमच्याकडे हरळी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, फड्या निवडुंगाची काटे काढलेली पानं आणि अधूनमधून जास्वंदीची फुलं घालत. सोबत समुद्रफेसाचा तुकडा ठेवायचा, चुन्यासाठी, म्हणजे कॅल्शियमसाठी. एका मादीचं खाणं मी इतक्या वेळा पाहिलं की डोळे मिटले तरी दिसतं. ताटात हिरवा पाला आणि त्यावर एकच लाल जास्वंद. ती चार हातांवरून येते, पाल्याला ओलांडते आणि थेट फुलाशी थांबते. लाल-पिवळ्या रंगाकडे ही कासवं ओढली जातात. पण थांबली की लगेच तोंड घालत नाही. नाक फुलाला जवळजवळ टेकवते, गळा लपलपतो, मग तोंड उघडतं. आत दात नाहीत, कडेला पोपटाच्या चोचीसारखी धार आहे आणि मध्ये जाड गुलाबी जीभ. पहिला घास पाकळीचा, आणि तो तुटत नाही. मग ती पुढचा डावा पाय फुलावर रोवते, मान मागे ओढते, आणि पाकळी टर्रकन फाटते. हे पाय रोवणं बघायला मुलांना सांगा. आपण चपाती एका हाताने धरून दुसऱ्याने तोडतो, तेच ती एका पायाने आणि मानेने करते. फूल संपल्यावर तिच्या चोचीला दोन्ही बाजूंनी लाल रंग लागलेला असे. एकदा एका आजींनी रक्त समजून मला पळत बोलावून आणलं होतं, आणि त्यांनी बोलावलं याचा मला आनंदच झाला, कारण त्या इतक्या लक्ष देऊन बघत होत्या.

तोंडापुढे कोणी अचानक हात हलवला की कासव डोकं आत घेतं आणि फुस्स असा आवाज येतो. लोक म्हणतात, रागावलं, फुत्कारलं. मान आणि पाय आत घ्यायला आत जागा हवी, म्हणून फुप्फुसातली हवा बाहेर ढकलली जाते, तिचा तो आवाज. डोकं आत गेल्यावर पुढचे दोन पाय दारासारखे एकमेकांना भिडतात आणि पायांच्या पुढच्या बाजूवरचे जाड, टोकदार खवले बाहेर राहतात. बंद झालेलं ते दार नीट बघण्यासारखं आहे. फक्त ते बंद व्हावं म्हणून मुद्दाम घाबरवू नका. घाबरलेलं कासव पुष्कळदा साठवलेलं मूत्र सोडून देतं आणि कोरड्या प्रदेशातल्या प्राण्याला ते पाणी परवडणारं नसतं. त्याबरोबर कधी चुन्यासारखा पांढरा लगदा पडतो. तो आजार नाही. पाणी वाचवण्यासाठी शरीरातली घाण युरिक आम्लाच्या रूपात बाहेर टाकण्याची ती रीत आहे, पालीच्या आणि पक्ष्यांच्या शिटेतला पांढरा भागही तोच. लगदा मऊ असेल तर ठीक. खडूसारखा कडक, रवाळ असेल तर त्याला पाणी कमी पडतं आहे.

आता मोठीच्या प्रकल्पाकडे. तिला आधी पाठीवरचे मोठे खवले मोजू द्या. मधल्या ओळीत पाच, दोन्ही बाजूंना चार-चार, एकूण तेरा. कडेची लहान खवल्यांची झालर वेगळी. प्रत्येक मोठ्या खवल्याच्या मधोमध एक पिवळट ठिपका असतो आणि त्यातून रेघा फाकतात, त्या मोजायला सांगा, साधारण सहा ते बारा भरतील. दोन कासवांच्या रेघा अगदी सारख्या मिळणार नाहीत. ही नक्षी देखणी दिसते, पण तिचं काम लपवण्याचं आहे. आडव्या-उभ्या वाळक्या गवतात पडलेल्या सावल्यांत त्या रेघा अशा मिसळतात की पायाखाली येईपर्यंत कासव दिसत नाही. पिंजऱ्यात सपाट मातीवर ते उठून दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं की रंग भडक आहे.

खवल्याच्या मधल्या त्या ठिपक्याबद्दल एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं तेव्हा त्याचा तो अख्खा खवला तेवढाच होता. नंतरची सगळी वाढ त्याच्या कडेकडेने झाली. म्हणजे प्रत्येक मोठ्या कासवाच्या पाठीवर त्याचं पिल्लूपण तेरा जागी तसंच शाबूत असतं.

याच वाढीच्या कडा वलयांसारख्या दिसतात आणि इथेच सगळे फसतात. झाडाच्या खोडासारखी वलयं मोजा आणि वय सांगा, असं तुमच्या मुलीला कोणीतरी सांगितलं असणार. ते धरू नका. झाडाचं वलय वर्षाला एक पडतं. कासवाचं वलय पडतं ते वाढ जोरात झाली आणि मग मंदावली की. पाऊस चांगला झाला, मध्ये खंड पडला, पुन्हा पाऊस आला, तर एकाच वर्षात दोन पडतील. प्राणिसंग्रहालयात बारा महिने चारा मिळतो, तिथे हिशेब अजून बिघडतो. आणि म्हाताऱ्या कासवाची पाठ घासून गुळगुळीत होते, तिथे मोजायला काही उरतच नाही. लहान, जंगली कासवाच्या बाबतीत अंदाज करता येतो, एवढंच.

मग वय कसं कळतं? कागदपत्रांवरून. सेंट हेलेना बेटावर गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात जोनाथन नावाचं महाकाय कासव आहे. ते १८८२ मध्ये सेशेल्सहून तिथे आणलं गेलं. १८८० च्या दशकातला त्याचा एक फोटो आहे आणि त्यात ते पूर्ण वाढलेलं दिसतं. असं कासव पूर्ण वाढायला किमान पन्नास वर्षं लागतात, म्हणून जन्म साधारण १८३२ चा धरला जातो. त्याच्या पाठीवर कोणी वलयं मोजलेली नाहीत. आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातल्या अद्वैतचं. मार्च २००६ मध्ये तो गेला. रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतून तो आला आणि वय अडीचशेच्या वर होतं असं सांगितलं जायचं. पण जोनाथनसारखा फोटो त्याच्या बाजूने नव्हता, म्हणून मी मुलांना सांगताना "असं म्हणतात" हे दोन शब्द कधी गाळले नाहीत. तुमच्या मुलीने प्रकल्पात एवढा फरक नीट मांडला तरी तिचा प्रकल्प उत्तम होईल.

नर-मादी ओळखायला आकार पुरतो. या जातीत मादी मोठी, कधी नराच्या जवळपास दीडपट लांब. नर लहान, पण शेपटी लांब आणि जाड. उलटं केलं तर नराचं पोटाकडचं कवच आत खोलगट दिसतं, पण तुम्ही उलटं करणार नाही. पिल्लू नर होणार की मादी, हे अंडं किती उबदार मातीत होतं त्यावर ठरतं.

उलटण्यावरून आठवलं. तारा कासवाची पाठ उंच घुमटासारखी असते. २००६ मध्ये गाबोर दोमोकोश आणि पेतेर वार्कोनी या हंगेरियन संशोधकांनी एक घन आकार शोधला. तो कसाही ठेवला तरी आपोआप एकाच बाजूवर येऊन स्थिर होतो, आणि त्याच्या तळाशी कुठलंही वजन भरलेलं नसतं. त्याला त्यांनी गोम्बोत्स नाव दिलं. मग त्यांनी कासवांच्या पाठी मोजल्या, तर या आकाराच्या सर्वांत जवळ गेलेल्यांत आपलं तारा कासव निघालं. चपट्या पाठीचं पाणकासव उलटलं की त्याला लांब मानेचा टेकू द्यावा लागतो. तारा कासवाचं बरंचसं काम घुमटच करतो, वर पायांचा थोडा हेलकावा. नर एकमेकांना ढुशा देतात तेव्हा हे दिसू शकतं. पण एखादं दोन-तीन मिनिटांत सुलटं झालं नाही आणि ऊन असेल, तर धावत जाऊन राखणाऱ्याला सांगा. उन्हात उलटं पडलेलं कासव उष्णतेने मरतं.

आता ते उंचवटे. तुमची शंका योग्य आहे, पण अर्धीच. तारा कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे नैसर्गिक असतात, जंगलातल्या कासवांनाही. पण काहींच्या पाठीवर छोट्या पिरॅमिडांची रांग उभी असते, खवल्यांच्या मध्ये खोल खळगे पडलेले असतात. ते लहानपणीच्या वाईट दिवसांचं लक्षण. पूर्वी सगळे म्हणायचे, प्रथिनं जास्त दिली म्हणून असं होतं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आफ्रिकेतल्या एका जातीच्या पिल्लांवरच्या प्रयोगात दिसलं की हवा किती कोरडी होती याचा परिणाम प्रथिनांपेक्षा मोठा असतो. मी प्रत्यक्षात पाहिलं तेही हेच. दिव्याखाली, कोरड्या पेटीत, कोबीची पानं खाऊन वाढलेलं पिल्लू असं होतं. त्यात चुना कमी पडला आणि ऊन मिळालं नाही की कवच मऊही राहतं. नंतर कितीही चांगलं ठेवलं तरी झालेले उंचवटे जात नाहीत, फक्त त्यानंतरची वाढ सपाट होते. म्हणून संग्रहालयात असं कासव दिसलं तर तिथल्या लोकांना लगेच दोष देऊ नका. भारतात संग्रहालयांत दिसणारी पुष्कळशी तारा कासवं तस्करांच्या सामानातून, विमानतळावरच्या बॅगांतून, लोकांच्या घरांतून आलेली असतात. ते उंचवटे तिथे येण्याआधीचे असतात.

आजार ओळखायचा तर कवच सोडून तोंड बघा. नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून मान पुढे ताणून श्वास घेणं, सुजलेले किंवा चिकटलेले डोळे, चालताना पोट जमिनीवरून घासत जाणं. निरोगी कासव चालताना अंग उचलून चालतं, त्याच्या पोटाखालून उजेड दिसतो. यातलं काही वेगळं दिसलं तर राखणाऱ्याला नम्रपणे सांगा. आम्हाला प्रेक्षकांनी सांगितलेल्या गोष्टींनी एकदा नव्हे, अनेकदा मदत झाली आहे.

पावसाळ्यात नशीब असेल तर मादी अंडी घालताना दिसेल. संध्याकाळची वेळ असते. ती इकडेतिकडे हुंगत फिरते, एक जागा ठरवते आणि आधी तिथे मूत्र सोडून माती भिजवते. मग मागच्या पायांनी खणायला लागते, एकदा डावा, एकदा उजवा, नेमाने. पाय वाटीसारखा वळवून माती वर आणते आणि बाजूला ठेवते, फेकत नाही. डोकं पलीकडे, त्यामुळे काय खणते आहे ते तिला एकदाही दिसत नाही. खड्डा पायाच्या लांबीइतका खोल झाला की पाय पोचत नाही, तेव्हा खणणं संपतं. अंडी मोजकीच, थोड्याथोड्या वेळाने एकेक. प्रत्येक अंडं पडलं की मागचा पाय खाली घालून ते जागेवर सरकवते. मग माती परत ओढायची, आणि शेवटी अंग थोडं उचलून पोटाच्या कवचाने धपाधप चोपायचं, अंगण चोपावं तसं. हे सगळं पार पडायला दोन-तीन तास लागतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ड्युटी संपून गेली होती आणि माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जागा आधी माहीत नसती तर मला सापडली नसती.

हैदराबादसारख्या ठिकाणी गेलात तर महाकाय कासवं बघायचा बेत ठेवा. पाटी नसेल तर गॅलापागोस बेटांवरचं की अल्डाब्रा बेटावरचं हे ओळखायची एक खूण सांगतो: मानेच्या बरोबर वर, कवचाच्या पुढच्या कडेच्या मध्यावर अल्डाब्राच्या कासवाला बहुधा एक अरुंद छोटा खवला असतो. गॅलापागोसच्या कासवाला तो नसतो. (तारा कासवालाही नसतो, हे मुलीला तपासू द्या.) राखणारा या मोठ्या कासवांची मान खाजवत असेल तर थांबून बघा. ते चारही पायांवर ताठ उभं राहतं, मान उंच ताणतं आणि पुतळ्यासारखं स्तब्ध होतं. गॅलापागोस बेटांवर छोटे पक्षी त्यांच्या कातडीवरच्या गोचिड्या टिपायला येतात, त्यांच्यासाठी ते असंच उभं राहतं. आणि कासव मंद असतं, त्याला काही कळत नाही, असं कोणी म्हणालं तर व्हिएन्नाच्या प्राणिसंग्रहालयातलं काम सांगा. तिथे महाकाय कासवांना ठरावीक रंगाचा चेंडू चोचीने धरायला शिकवलं. नऊ वर्षांनी त्यांच्यापैकी तिघांना पुन्हा चेंडू दाखवला, तर तो चोचीने धरायचा असतो हे त्यांना आठवत होतं.

काचेवर टकटक करू नका. कासवाला जमिनीतली थरथर आणि खालच्या पट्टीतले आवाज चांगले कळतात, पाय आपटणंही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३८ जे प्रमाणे प्राणिसंग्रहालयात प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं हा गुन्हा आहे. आणि नाणी टाकू नका. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला हात लावून मग आपण आत जातो. ती श्रद्धा मलाही आहे. पण जिवंत कासवावर नाणं टाकलं की ते त्याच्या पोटात जाऊ शकतं. थायलंडमध्ये ओमसिन नावाच्या हिरव्या समुद्री कासविणीच्या पोटातून मार्च २०१७ मध्ये डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून ९१५ नाणी काढली. सुमारे पाच किलो. लोकांनी तळ्यात शुभ म्हणून टाकलेली. शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

आता तुमच्या दिरांचं कासव. शुभ असतं, पैसा येतो, म्हणून कोणी भेट दिलं असेल, त्यांचा हेतू वाईट नसणार हे मी समजू शकतो. पण हे कासव पैदाशीच्या शेडमधून येत नाही. गुजरात-राजस्थान आणि आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाच्या कोरड्या माळांवरून ते उचललेलं असतं, कापडात गुंडाळून, चिकटपट्टीने पाय बांधून पाठवलेलं असतं, आणि वाटेत किती मरतात ते विकणारा सांगत नाही. जप्तीच्या पेट्या मी उघडलेल्या आहेत. वरच्या थरातली हलत असतात, खालच्या थरातली हलत नाहीत. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या 'साइट्स' कराराच्या सर्वांत कडक यादीत ही जात २०१९ मध्ये गेली. आपल्या कायद्यात १ एप्रिल २०२३ पासून तारा कासव पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. ते घरात ठेवल्याबद्दल किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद होऊ शकते. दिरांना हे घाबरवण्यासाठी सांगू नका, पण सांगा नक्की.

एक गोष्ट कृपा करून करू नका: ते तळजाईच्या किंवा वेताळच्या टेकडीवर नेऊन सोडू नका. दयेपोटी लोक असं करतात. ती त्याची जागा नाही, तिथे त्याला चारा ओळखीचा नाही, कुत्री आहेत, आणि घरातून नेलेला आजार तिथल्या इतर कासवांना लागू शकतो. वायव्येकडची आणि दक्षिणेकडची तारा कासवं एकमेकांत मिसळणंही योग्य नाही, त्यांचे वंश वेगळे आहेत. कुठे सोडायचं ते तपासणी करूनच ठरवावं लागतं.

वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि स्वतःहून सोपवायचं आहे असं स्पष्ट सांगा. ते येईपर्यंत पेटीतून काढून मोकळ्या, सावलीच्या जागी ठेवा, उथळ थाळीत हनुवटीच्या खाली राहील एवढंच कोमट पाणी घालून वीस मिनिटं बसू द्या, पोळी-भात-दूध देऊ नका, हरळी आणि जास्वंदीची पानं चालतील. आणि फोन लावण्याआधी मुलांना जवळ घेऊन पुढच्या पायाच्या मुळाशी ती कातडी बघा. ती हलत असताना नाकात बुडबुडे दिसले, किंवा ते मान ताणून तोंडाने श्वास घेत असेल, तर हे फोनवरच सांगा. म्हणजे सोबत पशुवैद्यक येईल.